नागपुरात डबल बेस : वाद्य आणण्यापासून शिकवण्यापर्यंत

ऑगस्ट २०२२ मध्ये मी डबल बेस, म्हणजे व्हायोलिनसारखे दिसणारे पण माणसाएवढ्या उंचीचे खर्जातले वाद्य, शिकायचे ठरवले, तेव्हा नागपुरात हे वाद्य शिकवणारे कोणी मला सापडले नाही आणि ते विकणारे दुकानही सापडले नाही. सीताबर्डी आणि सदरच्या दुकानांत गिटार, की-बोर्ड, व्हायोलिन होते. डबल बेसचे नाव काढले की कॅटलॉग उघडला जाई आणि पुन्हा मिटला जाई. वाद्य कुठून आणायचे, ते रेल्वेने कसे पाठवतात, विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याचे काय होते, गुरू मुंबईत आणि आपण इथे असताना जॅझ शिकता येते का, परीक्षा द्यायची तर कोणती आणि पुढे शिकवायला बसायचे तर कोणते कागद लागतात, ही सगळी माहिती मला दहा ठिकाणी विचारून जमवावी लागली. ती एका जागी असावी म्हणून हे लिहीत आहे.

मी एका शाळेत संगीत शिकवते आणि लग्नसराईत, नवरात्रात ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत आले आहे. बेस गिटार आणि डबल बेस यांच्या चार तारा एकाच सुरांत लावतात: ई, ए, डी, जी. त्यातली सर्वांत खालची ई सुमारे ४१ हर्ट्झची असते. साम्य बहुतेक इथेच संपते. बेस गिटारच्या तारेची वाजणारी लांबी ३४ इंच, तर डबल बेसची ४२ इंचांच्या आसपास; शिवाय गिटारला पडदे असतात आणि इथे सूर कुठे आहे हे फक्त कान सांगतो. हात मोठा नसलेल्या बाईने चाळिशीत हे वाद्य धरावे की नाही, असा प्रश्न मला अनेकांनी काळजीपोटी विचारला आणि तो मी स्वतःलाही विचारत होते.

त्या दिवसांत मी अमेरिकी जॅझ बेसवादक मिल्ट हिंटन यांच्याविषयी मिळेल ते वाचत आणि ऐकत होते. १९१० मध्ये मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गला जन्मलेला हा माणूस शिकागोत वाढला आणि आधी व्हायोलिन शिकला. मूकपटांच्या थिएटरांत वादकांचे ताफे असत. कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाला पोट भरायला हीच काय ती जागा होती. १९२७ नंतर बोलपट आले आणि ती जागाही गेली. हिंटन बेसकडे वळले, १९३६ ते १९५१ कॅब कॅलोवे यांच्या ऑर्केस्ट्रात राहिले, नंतर न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमध्ये कोणाच्याही रेकॉर्डिंगला बोलावणे येणारे बेसवादक झाले आणि सत्तरच्या दशकात हंटर कॉलेज व बारूक कॉलेजात शिकवू लागले. रॉन कार्टर हेही मूळचे चेलोवादक. त्यांनी शाळेत असतानाच चेलो सोडून बेस घेतला आणि त्यामागेही कृष्णवर्णीय मुलाला चेलोवर मिळणारी संधी तोकडी असणे हेच कारण होते. म्हणजे या वाद्याचे दोन थोर वादक दुसऱ्या वाद्याकडून इथे आले. मला पुढचे पाऊल टाकायला तेवढे पुरेसे होते.

वाद्याचा शोध सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत चालला. मुंबईतल्या एका ज्येष्ठ वादकांचा दूरध्वनी क्रमांक मला ऑर्केस्ट्रातल्या व्हायोलिनवादकाने दिला. हेच पुढे माझे गुरू झाले. त्यांना मी सर म्हणते. पहिल्याच बोलण्यात त्यांनी नागपूरचे तापमान विचारले. मे महिन्यात ४५ अंश आणि जुलैत भिंतींना ओल, असे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग अखंड लाकडाचा बेस घेऊ नका. प्लायचा घ्या, बाई. आवाज थोडा कमी मिळेल, पण वाद्य जगेल." अखंड स्प्रूसच्या फळीतून कोरलेल्या बेसचा आवाज खोल आणि मोकळा असतो, पण कोरड्या हवेत त्याला चीर पडू शकते. आडव्या-उभ्या थरांच्या प्लायचा बेस हवेतले चढउतार पुष्कळ सोसतो आणि जॅझमध्ये बोटाने वाजवण्यासाठी तो वर्षानुवर्षे वापरात आहे.

अखेर मुंबईत एक वापरलेला, थ्री-क्वार्टर मापाचा प्लायचा बेस मिळाला. थ्री-क्वार्टर म्हणजे लहान मुलांचा असा समज करून घेऊ नये; मोठी माणसे वाजवतात ते नेहमीचे माप हेच. पंचाण्णव हजारांत व्यवहार ठरला आणि गज, राळ व जाड कव्हर त्यातच आले. पैसे देण्याआधी सरांनी स्वतः येऊन वाद्य पाहिले. मान आणि पोट जिथे जुळतात तिथे फट आहे का, बोटे दाबायचा फिंगरबोर्ड सरळ आहे की कमानदार झाला आहे, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी पुढे झुकली आहे का, आतला साउंड पोस्ट म्हणजे आधाराचा लाकडी दांडा उभा आहे का आणि प्रत्येक तारेवर प्रत्येक सूर वाजवल्यावर कुठे झरझर ऐकू येते का, एवढे त्यांनी तपासले. जुने वाद्य घेणाऱ्याने हे पाहण्यासाठी जाणकार माणूस बरोबर न्यावाच, त्यासाठी मानधन द्यावे लागले तरी.

आता ते आठशे किलोमीटरहून जास्त अंतर पार करून आणायचे होते. टेम्पोचे भाडे परवडणारे नव्हते, विमानाचा विचारही करता येत नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये रेल्वे पार्सलने आणायचे ठरले. त्यासाठी सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली. तिला साडेसहा हजार लागले. पेटीत ठेवण्याआधी तारा थोड्या सैल करायच्या असतात, मात्र पूर्ण सोडायच्या नसतात, कारण साउंड पोस्ट चिकटवलेला नसतो. तारांच्या दाबानेच तो पोट आणि पाठ यांच्यामध्ये उभा राहतो; दाब गेला की तो पडतो आणि मग तो उभा करायला कारागीर शोधावा लागतो. तारा अडकवलेली शेपटाकडची पट्टी पोटावर आपटू नये म्हणून तिच्याखाली फोमचा तुकडा दिला, घोडीच्या दोन्ही बाजूंना टॉवेल दाबून बसवले आणि मानेखाली उशी ठेवली.

पार्सल कार्यालयात फॉरवर्डिंग नोट नावाचा अर्ज भरावा लागतो. पाठवणारा आणि घेणारा यांचे नाव, पत्ता, मोबाइल, मालाचे वर्णन, जाहीर केलेली किंमत आणि ओळखपत्राची प्रत, एवढे त्यात लागते. किमतीचा रकाना बहुतेक लोक मोकळा सोडतात, म्हणून तो नीट समजून घ्यावा. किंमत जाहीर करून त्यावरचे टक्केवारी शुल्क भरले नाही, तर नुकसान झाल्यास रेल्वेची जबाबदारी किलोमागे ५० रुपयांपर्यंतच असते. माझी पेटी सुमारे ४५ किलोंची भरली. म्हणजे शुल्क वाचवले असते तर लाखाच्या वाद्यामागे फार तर सव्वादोन हजार रुपये मिळाले असते. मी किंमत जाहीर केली आणि विक्रीची पावती अर्जाला जोडली. पेटीच्या दोन बाजूंवर ऑइल पेंटने नाव, पत्ता आणि एनजीपी हा स्थानकाचा संकेत लिहिला आणि तशीच एक चिठ्ठी पेटीच्या आतही ठेवली. बाहेरचे लेबल फाटले तर आतली चिठ्ठी कामाला येते, ही सूचना तिथल्याच कारकुनांनी केली होती. पेटीच्या आकारमानामुळे भाडे वजनाच्या मानाने जास्त बसले, तरी टेम्पोच्या तुलनेत ते फारच कमी होते. पावती जपून ठेवावी. नागपूरला माल तिच्यावरच सुटतो.

ज्या गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये जागा असेल तिच्यातून पेटी जाते, हे बुकिंगच्या वेळीच सांगितले जाते, त्यामुळे आपण ज्या गाडीने परतू तिच्यातच वाद्य असेल असे धरून चालू नये. मी आधी पोहोचले आणि पेटी दोन दिवसांनी आली. ते दोन दिवस फार जड गेले. रात्री झोपेतही मला लाकूड तडकल्याचा आवाज येत असे. माल उतरल्यावर मोफत ठेवण्याची मुदत थोडी असते आणि पुढे तासांच्या हिशेबाने शुल्क लागते, म्हणून रोज सकाळी फोन करून चौकशी करणे चांगले. नागपूर स्थानकावर पेटी हातगाडीवर आली तेव्हा हमालदादांनी विचारले, "ताई, ह्याच्यात फ्रिज आहे काय जी?" आत वाद्य आहे म्हटल्यावर त्यांनी पेटी आडवी टाकू दिली नाही. "मंग हे पाठीवर नाही झोपवाचं. असं कडेवर टेकवाचं," म्हणत त्यांनी ती एका कुशीवर उभी केली आणि छोटा हत्ती टेम्पोत चढवताना दोघांना दोरी धरायला लावली. डबल बेस ठेवण्याची योग्य रीत तीच आहे: वाजवत नसताना तो बाजूच्या फासळीवर, घोडी भिंतीकडे करून कुशीवर ठेवायचा.

वाद्य सुखरूप आले होते, पण तारा गंजलेल्या होत्या. जॅझसाठी बेसवादक बहुधा स्टीलच्या तारा पसंत करतात, कारण छेडल्यावर त्यांचा सूर बराच वेळ टिकतो. आतड्याच्या तारांचा आवाज जुन्या ध्वनिमुद्रिकांत ऐकू येतो तसा बोथट आणि गोड असतो, पण नागपूरच्या हवेत त्या रोज सरकतील असे सरांचे मत पडले. युरोपातून चार तारांचा संच मागवला तो बावीस हजारांना पडला आणि वर सीमाशुल्क भरावे लागले. कुरिअरने आधार आणि पॅन यांची प्रत मागितली. ती वेळेत अपलोड केली नाही तर पाकीट विमानतळावरच पडून राहते. विक्रेत्याला बीजकावर ९२०९ हा शुल्क-वर्गीकरणाचा आकडा लिहायला सांगावे. वाद्यांच्या तारा आणि सुटे भाग त्यात येतात आणि तो आकडा असला की चौकशीचे ई-मेल कमी होतात.

शिकवणी फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. आठवड्यातून एक तास व्हिडिओ कॉल आणि जमेल तेव्हा मुंबईला जाऊन दोन दिवस सलग बसणे, असे ठरले. पहिल्याच कॉलवर सर म्हणाले की त्यांना माझा हात दिसतो पण सूर ऐकू येत नाही. कारण साधे आहे: फोनचे माइक आणि स्पीकर बोलण्याच्या आवाजासाठी बनवलेले असतात, खर्जातल्या सुरांचा तळ त्यांच्यात येतच नाही, आणि कॉलचे सॉफ्टवेअर लांबलेल्या सुराला पंख्याचा आवाज समजून दाबून टाकते. त्यावर दोन उपाय लागले. घोडीला लावायचा, तिचे कंपन पकडणारा एक पिकअप आणि तो आवाज संगणकात नेणारा साधा ऑडिओ इंटरफेस घेतला, दोन्ही मिळून सोळा हजारांत. आणि ॲपमधली आवाज स्वच्छ करणारी सोय बंद करून मूळ आवाज पाठवण्याची सोय चालू केली. तरीही कॉलवर दोघांनी मिळून वाजवता येत नाही, कारण आवाज पोहोचायला लागणारा क्षणभराचा उशीर लय मोडतो. म्हणून मी आठवडाभराचे रेकॉर्डिंग आदल्या रात्री पाठवत असे आणि तासात त्यावरच बोलणे होई.

डाव्या हाताची बोटे सिमांडल या जुन्या बेस-शिक्षकाच्या पद्धतीने ठेवायला शिकले. पहिले आणि दुसरे बोट यांत अर्धा सूर, दुसरे आणि चौथे यांत अर्धा सूर, तिसरे बोट चौथ्याला आधार द्यायला. बेस गिटारवर एका बोटाला एक पडदा अशी सवय असलेल्या हाताला ही आखडती मांडणी सुरुवातीला पटत नाही, पण खालच्या भागात सूर इतके दूर असतात की दुसरा मार्ग हाताला दुखापत करतो. उजव्या हाताने तार ओढताना बोटाचे टोक न वापरता तर्जनीची कड वापरायची आणि दंडाचे वजन त्यात सोडायचे. फोड येतातच. फोड आला की दोन दिवस गज घेऊन वाजवावे, तो फोडून पुढे रेटू नये. सुरासाठी मी इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून बसत असे आणि तो माझा सर्वांत मोठा आधार ठरला. तानपुऱ्याचा सा ए या सुरात लावून मोकळ्या तारांशी प्रत्येक स्वर जुळवत गेले की पडदे नसल्याची भीती हळूहळू जाते. लहानपणी पेटीवर गाणे शिकलेल्या कोणालाही हा सराव जमेल.

मग उन्हाळा आला. मे २०२३ मध्ये पारा चाळिशीच्या वर गेला आणि खोलीतला आर्द्रतेचा काटा वीस टक्क्यांच्या खाली उतरला. लाकडी वाद्यांना साधारण चाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता मानवते. एका सकाळी ए तारेवर वाजवताना खालून पत्रा थरथरावा तसा आवाज येऊ लागला. सरांनी व्हिडिओवर बघून सांगितले की कुठेतरी सांधा सुटला आहे आणि घाबरण्याचे कारण नाही. हे सांधे मुद्दाम प्राण्यांच्या सरसाने जोडतात, जो फार ताण आला की स्वतः सुटतो आणि लाकडाला तडकू देत नाही.

इतवारीत पेट्या आणि तंबोरे दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर आहेत. डबल बेस त्यांनी आयुष्यात हाताळला नव्हता. त्यांनी वाद्य आधी कुशीवर ठेवून घेतले, मग डोळे मिटून बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करत पूर्ण फेरी मारली. बहुतेक ठिकाणी आवाज भरीव येत होता; खालच्या फुगवट्याजवळ वीतभर अंतरात तो पोकळ आणि चिरका झाला. तिथे त्यांनी खडूने दोन खुणा केल्या. पोस्टकार्डाचा तुकडा फटीत सरकवून ती किती खोल आहे ते पाहिले, गरम पाण्यात बुडवलेल्या पात्याने जुना सरस मऊ करून काढला, वाटीत भिजवलेला नवा सरस पाण्याच्या वाफेवर पातळ केला, आणि ब्रशऐवजी पातळ सुरीच्या पात्याने आत भरला. सात लाकडी क्लॅम्प लावून दोन दिवस वाद्य तिथेच राहिले. त्यांनी चारशे रुपये घेतले आणि जास्त घ्यायला नकार दिला. परगावच्या मोठ्या दुकानाकडे धाव घेण्याआधी आपल्या शहरातल्या अशा हातांकडे जावे, एवढे मी आग्रहाने सांगेन; मात्र सांधा फेव्हिकॉलने जोडू देऊ नये, कारण तो पुढच्या उन्हाळ्यात सुटणार नाही आणि मग लाकूड फाटेल.

तेव्हापासून उन्हाळ्यात बेसच्या खोलीत एसी लावत नाही. एसी हवा आणखी कोरडी करतो. पाण्याचा कूलर दाराबाहेर ठेवून त्याची हवा थेट वाद्यावर न येता खोलीत फिरू द्यायची आणि अडीचशे रुपयांच्या आर्द्रतामापकावर लक्ष ठेवायचे. पावसाळ्यात उलट: कूलर बंद, खिडक्या बंद, आणि घोडीची उंची पुन्हा तपासायची, कारण पोट फुगून तारा वर उचलल्या जातात.

जून ते डिसेंबर हा काळ वॉकिंग बेसचा होता आणि या सगळ्या प्रवासातला तोच मला सर्वांत प्रिय आहे. वॉकिंग म्हणजे प्रत्येक मात्रेला एक, अशा चार मात्रांच्या सलग सुरांनी कॉर्डमधून, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीतून, चालत राहणे. सरांनी बारा बारची, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा तुकड्यांची, ब्लूजची चौकट एफ सुरात दिली, तीत तीनच कॉर्ड: एफ, बी फ्लॅट आणि सी. पहिला महिना बारमध्ये दोनच सूर वाजवायचे आणि ते वाजवण्याआधी तोंडाने गाऊन दाखवायचे, असा नियम होता. नंतर चार सूर. पहिल्या मात्रेवर कॉर्डचा मूळ सूर आणि चौथ्या मात्रेवर पुढच्या कॉर्डच्या अर्धा सूर वर किंवा खाली असा वाटाड्या सूर. ठोके देणारा मेट्रोनोम फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजत असे. पहिली मात्रा आपण आपल्यात धरायची.

तबल्याच्या एकलवादनाला लेहरा धरणाऱ्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना यातली जबाबदारी लगेच कळेल. लेहरा आवर्तन दाखवत राहतो आणि तबलजी त्यावर निर्धास्तपणे बाहेर जाऊन समेवर येतो. बेसवादकही एकल वाजवणाऱ्याला आवर्तन दाखवत राहतो, मात्र लेहरा तोच तो फिरतो आणि वॉकिंग बेसची ओळ दर आवर्तनात नवी असते. ती नवी असूनही बारावा बार संपून पहिला आला, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळले पाहिजे. हे एकट्याने खोलीत बसून येत नाही. मी महिनोन्‌महिने तयार ट्रॅकवर वाजवत होते, ट्रॅक कधी चुकत नव्हता, कधी माझ्याकडे बघत नव्हता आणि माझी लय पुढे सरकली तर थांबतही नव्हता. शेवटी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक पियानो वाजवणारा मुलगा दर शनिवारी यायला लागला आणि तीन शनिवारांत मला जे कळले ते आधीच्या तीन महिन्यांत कळले नव्हते. तो घाई करू लागला की मी मागे राहून त्याला ओढायचे की त्याच्याबरोबर जायचे, हा निर्णय प्रत्येक बारला घ्यावा लागतो, आणि बेस वाजवणे म्हणजे मुख्यत्वे हा निर्णय घेणेच आहे.

तो माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे आणि नवीन कॉर्डची समज त्याला माझ्याहून पुष्कळ जास्त आहे. त्याच्याकडून शिकताना मला पुन्हा हिंटन आठवत. कॅलोवेंच्या ऑर्केस्ट्रात डिझी गिलेस्पी नावाचा विशीतला ट्रम्पेटवादक आला तेव्हा हिंटन प्रस्थापित वादक होते. तरीही कॉटन क्लबच्या दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात ते आपला बेस गच्चीवर चढवून नेत आणि त्या पोराकडून नवे कॉर्ड समजून घेत. एवढे जड वाद्य जिन्याने वर नेण्याची तयारी असलेला माणूस पुढे चांगला शिक्षक झाला, याचे मला नवल वाटत नाही.

परीक्षेविषयी थोडक्यात. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत-परीक्षा मंडळाची डबल बेसची परीक्षा मुख्यतः पाश्चात्त्य शास्त्रीय वळणाची असते, जॅझची नसते. पण गज, वाचन आणि सूर यांची शिस्त तिच्यामुळे लागते, म्हणून मी २०२४ मध्ये पाचव्या ग्रेडची परफॉर्मन्स परीक्षा दिली. हा प्रकार २०२० पासून आहे आणि त्यासाठी मुंबई-पुण्याला जावे लागत नाही. चार रचना एकाच सलग चित्रफितीत वाजवून ती अपलोड करायची, मध्ये कापाकापी चालत नाही. तीन रचना त्यांच्या याद्यांमधून आणि एक स्वतःच्या निवडीची. मी निवडीच्या जागी स्वतः बांधलेली ब्लूजची ओळ ठेवली. एकूण गुण १५०, उत्तीर्ण व्हायला १००. एप्रिलच्या रविवारी शाळेच्या सभागृहात पंखे बंद करून चित्रीकरण केले, कारण पंख्याची घरघर खर्जात मिसळते. निकाल काही आठवड्यांनी आला, उत्तीर्ण झाले, आणि परीक्षकांनी गजावरच्या संथ रचनेत वरच्या भागातला सूर खाली जातो असे लिहिले, ते अगदी खरे होते. सहाव्या ग्रेडपासून पुढे जायचे असेल तर आधी थिअरीची किंवा तिच्या जागी चालणाऱ्या पर्यायी विषयाची पाचवी ग्रेड लागते, म्हणून ती परीक्षा लवकर उरकून घ्यावी.

डिसेंबर २०२४ मध्ये लक्ष्मीनगरात एका छोट्या सभागृहात पियानो, बेस आणि ड्रम असा आमचा पहिला कार्यक्रम झाला. सभागृहाचे भाडे आणि अनामत भरण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. ध्वनिवर्धक वापरायचा असेल तर पोलीस ठाण्याकडे आधी अर्ज करावा लागतो आणि रात्री दहानंतर तो बंदिस्त सभागृहाबाहेर वापरता येत नाही. दुसरे म्हणजे, दुसऱ्याच्या हक्काखालच्या रचना जाहीर कार्यक्रमात वाजवायच्या तर त्यांचा परवाना आयोजकाने घ्यायचा असतो. आम्ही स्वतःच्या रचना वाजवल्या. ब्लूजची बारा बारची चौकट कोणाच्या मालकीची नाही. वाजवताना पहिली दहा मिनिटे मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता, कारण खर्जाचा सूर पुष्कळदा वादकापेक्षा दूर बसलेल्याला जास्त स्पष्ट ऐकू येतो. अशा वेळी बेसच्या खांद्याला जबडा किंवा गाल टेकवावा. लाकडातून सूर हाडापर्यंत येतो.

कार्यक्रमानंतर तिघांनी शिकवाल का असे विचारले. ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारे दोघे आणि अकरावीतली एक मुलगी. सरांना विचारले, तर ते म्हणाले, "तुम्हाला जेवढे येते तेवढेच शिकवा, आणि शिकवताना बरोबर वाजवा." हिंटन असोत, रॉन कार्टर असोत किंवा विल्यम पॅटर्सन विद्यापीठाचा जॅझ विभाग सुमारे वीस वर्षे सांभाळणारे रूफस रीड असोत, थोर बेसवादकांपैकी कितीतरी जण वाजवणे चालू ठेवूनच शिकवत राहिले. विद्यार्थ्याला ओळ सांगून भागत नाही, त्याच्या शेजारी उभे राहून ती चालून दाखवावी लागते.

वर्ग सुरू करताना लागलेले कागद असे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर मोफत होते. पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी पाने पुष्कळ आहेत, त्यांपासून जपावे. बँकेने चालू खात्यासाठी गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीचा दाखला, मागितला. मी वर्ग सुरू केला तेव्हा दहापेक्षा कमी माणसे कामाला असतील तर पूर्ण नोंदणी न करता ऑनलाइन सूचना द्यावी लागत होती आणि तिची पावती बँकेला चालली. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांना व्यवसायकराची वेगळी नावनोंदणी करून वर्षाला अडीच हजार भरावे लागतात, आणि सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी लागत नाही. घरात शिकवत असल्याने मी सोसायटीला लेखी पत्र देऊन वेळा कळवल्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आमच्या स्लॅबमधून ई तार ऐकू जाते, म्हणून बेसच्या टोकदार पायाखाली जाड रबराचा तुकडा आणि त्याखाली सतरंजी घालते. यामुळे आवाज खाली जाणे बरेच कमी होते आणि फरशीवर खड्डाही पडत नाही.

तिघांपैकी कोणाकडेही स्वतःचा डबल बेस नाही. आधी सहा महिने त्यांनी माझ्याच वाद्यावर, ठरलेल्या दुपारी येऊन सराव करावा आणि टिकले तरच खरेदीचा विचार करावा, असे मी तिघांनाही सांगितले आहे. उन्हाळ्यात मात्र दुपार चालत नाही. कूलर चालू ठेवला तर त्याच्या घरघरीत खर्जाचा सूर नीट जुळवता येत नाही आणि बंद ठेवला तर वाद्य सुकते, त्यामुळे मार्च ते जून आमचा वर्ग सकाळी साडेसहाला भरतो आणि आठला कूलर सुरू करून बेस कुशीवर ठेवला जातो.